क्रेनच्या सावलीतले तुकडे

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, आज पूर्ण शुद्धीवर राहून हे लिहून ठेवत आहे. माझे पूर्ण नाव ओळखपत्रावर आहे आणि वकीलबाई ते शिक्क्याजवळ घालणार आहेत. पण ज्यांच्यासाठी हा कागद आहे ते सगळे मला ‘कात्री’ म्हणतात, तेव्हा मजकुरात तेच राहू द्यावे. वय सत्तरीच्या पुढे. व्यवसाय: पूर्वी दवाखान्यात एक्स-रे काढणे आणि सुट्टीच्या दिवशी सर्फिंगच्या फिल्म्स काढणे, हल्ली खिडकीत बसणे.

कोणी धाक दाखवून किंवा लाडीगोडी लावून हे माझ्याकडून लिहून घेतलेले नाही. बुद्धी जागेवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला आज कोणता वार आहे ते विचारले. मी वार सांगितला, भरतीची वेळ सांगितली आणि वारा कुठून आहे तेही सांगितले. ते म्हणाले, “पुरे, पुरे.”

एकच गोष्ट आधी सांगून ठेवते. वकीलबाईंचा आग्रह आहे की मृत्युपत्र एका बैठकीत लिहावे. मला एका बैठकीत काहीच करता येत नाही, जेवणसुद्धा नाही. जिथे जिथे अक्षर बदललेले दिसेल तिथे मी उठून समुद्र बघून आले असे समजावे. त्यावरून कोणी माझ्या बुद्धीबद्दल शंका काढू नये. हे मला जन्मभर आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर ते अर्धे राहिले असते आणि रद्द करायचाही प्रश्न आला नसता.

कलम पहिले. घर.

दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागची पत्र्याची खोली आणि समुद्राकडची खिडकी हे सगळे माझ्या एकुलत्या एक मुलीला द्यावे. ती मोठ्या शहरात दातांची डॉक्टर आहे. तिने हे घर विकले तरी माझी हरकत नाही. विकत घेणाऱ्याने ती खिडकी बुजवून तिथे कपाट करू नये. वकीलबाई म्हणतात, अशी अट कोर्टात टिकत नाही. टिको न टिको, मी लिहिली आहे.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लक.

निम्मी मुलीला. निम्मी दवाखान्याच्या एक्स-रे विभागाला, शिशाच्या नव्या ॲप्रनसाठी. जुने ॲप्रन खांद्यावर फाटले आहेत आणि त्याबद्दल बोलून बोलून मी निवृत्त झाले. या किनाऱ्यावरच्या जवळजवळ प्रत्येक सर्फरचे एखादे तरी हाड मी आतून पाहिलेले आहे. खडकावर आपटून आलेला माणूस टेबलावर पडल्या पडल्या पहिला प्रश्न एकच विचारतो, “पाण्यात परत कधी जाता येईल?” दुखतंय का, तुटलंय का, हे नंतर. असल्या लोकांत मी उभे आयुष्य काढले आणि मला त्याचा जराही पस्तावा नाही.

(इथे उठले. वारा अजून समुद्राकडूनच आहे. लाटा चुरगळलेल्या, बघवत नाहीत.)

कलम तिसरे. दादा.

माझ्या थोरल्या भावाला माझे गजराचे घड्याळ द्यावे. त्याच्या लग्नात मी जेवणाच्या पंगतीतून उठून गेले, ही गोष्ट तो आजही घरी येईल त्याला ऐकवतो. आता माझी बाजू कागदावर येऊ दे. त्या दिवशी दुपारी वारा फिरला होता. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागला की लाटेचा माथा उभा राहतो, तिला धार येते, आणि असा वारा फार वेळ टिकत नाही. दादा आणि वहिनी दोघेही टिकाऊ होते. त्यांना मी संध्याकाळीही भेटू शकत होते. परत आले तेव्हा माझ्या चांगल्या साडीच्या काठाला वाळू होती. दादा म्हणाला, “तुला वेळेचं काही भान आहे की नाही?” मला वेळेचे भान त्याच्यापेक्षा जास्त होते, फक्त ते पाण्याच्या वेळेचे होते. घड्याळ अजून नीट चालते. वाजले की त्याने माझी आठवण काढावी आणि चिडावे, म्हणजे त्याची तब्येत चांगली राहील.

कलम चौथे. बगळा.

मुलीच्या वडिलांना हे नाव ते लाटेवर, सर्फिंगच्या बोर्डवर, ज्या ऐटीत उभे राहत त्यावरून पडले. मान लांब, हात सैल, पाय एकमेकांना चिकटलेले. त्यांच्यासारखा उभा राहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मुलगी अजून नीट बोलायला लागली नव्हती तेव्हा ते दुसऱ्या किनाऱ्यावर चांगल्या लाटा आहेत असे ऐकून गेले आणि तिथून तिसऱ्या, चौथ्या. आधी पत्रे येत. मग नुसती कार्डे. त्यांना या मिळकतीतून काही देऊ नये. ते सापडले तर निरोप मात्र द्यावा, की माझ्या फिल्म्समध्ये ते रिळामागून रिळे आहेत आणि मी त्यांतला एक तुकडाही रागाने कापलेला नाही. रागाने कापायला बसले असते तर रीळच उरले नसते.

कलम पाचवे. फिल्म्स.

हे कलम लांब आहे. वकीलबाईंनी पाणी पिऊन घ्यावे.

मागच्या खोलीत पत्र्याच्या गोल डब्यांत रिळे आहेत. प्रत्येक डब्यावर फक्त ऋतू लिहिलेला आहे, जागा लिहिलेली नाही. सगळे माझ्या चावीच्या कॅमेऱ्याने काढलेले. चावी भरायची, बटण दाबायचे आणि लाट अर्ध्यावर असताना चावी संपायची, असा तो कॅमेरा. एकाही रिळाची नक्कल नाही. त्यासाठी पैसा नव्हता. जे कॅमेऱ्यातून गेले तेच पडद्यावर, आणि दर खेळाला त्याच्यावर एखादा ओरखडा नवा.

या फिल्म्स कुठल्याही थिएटरात लागल्या नाहीत. परवाना नव्हता, तिकीट नव्हते. जाहिरात म्हणजे फळ्याच्या दुकानाच्या दारावर खडूने लिहिलेला एक शब्द, ‘रविवारी’. फळ्या म्हणजे आमचा बोर्ड बनवणारा. तो शब्द वाचून ज्याला कळायचे त्याला कळे, बाकीच्यांना वाटे दुकान रविवारी उघडे आहे. खेळ शिडवाल्याच्या माळ्यावर व्हायचा. शिडवाला बोटींची शिडे शिवायचा तो वरचा लांबलचक हॉल. खिडक्यांवर शिडे टांगून भर दुपारी अंधार करायचा आणि एक शीड पडदा म्हणून ताणायचे. त्याची शिवण बरोबर मधोमध यायची. प्रत्येक सर्फर कधी ना कधी त्या शिवणीवरून जायचा आणि तो गेला की लोक टाळ्या वाजवायचे.

फिल्मला आवाज नव्हता. मी पडद्याशेजारी उभी राहून बोलायचे आणि फळ्या ग्रामोफोनवर रेकॉर्ड लावायचा, बहुतेक वेळा चुकीच्या गतीवर. माळ्यावर मेणाचा, ताडपत्रीचा आणि ओल्या कपड्यांचा वास. लोक पाय आपटायचे तेव्हा लाकडी जमिनीतून धूळ खाली शिडवाल्याच्या कुत्र्यावर पडायची.

एकदा कोणीतरी तक्रार केली आणि फौजदार वर आले. मला वाटले, संपले. ते दाराशी उभे राहिले. रीळ संपेपर्यंत टोपी हातात घेऊन उभेच होते. मग मला म्हणाले, “हे कुठलं आहे?”

मी म्हटले, “पाण्यातलं.”

त्यांनी वर काय कळवले ते माहीत नाही, पण पुढच्या रविवारी साध्या कपड्यांत आले आणि सगळ्यांत जास्त पाय त्यांनीच आपटले.

लोक का येत, हे दादाला मला कधीच समजावता आले नाही. फिल्ममध्ये गोष्ट नसायची. माणूस लाटेवर उभा राहतो, लाट संपते, तो हातांनी पाणी कापत परत जातो. पुन्हा तेच. तरी माणसे श्वास धरून बसत. कारण ती लाट पुन्हा येणार नव्हती. ती आम्ही पाहिली होती, आणि जगात ती फक्त त्या माळ्यावर, त्या शिवणीच्या पडद्यावर दिसत होती. जो आला नाही त्याची हुकली. आठवडाभर गॅरेजात, वॉर्डात, दुकानात मान मोडून काम करणारी माणसे तिथे यायची आणि बाहेर पडताना सगळ्यांच्या पायांना भिंगरी लागलेली असायची. डोळे उन्हाने दिपलेले, समुद्र ताटातल्या पाण्यासारखा सपाट, तरी बोर्ड काखेत मारून धावत सुटायचे. मीसुद्धा. ती घालमेल मला अजून सोडत नाही. आत्ताही नाही.

(इथे उठले. वारा पडला आहे. काहीतरी होणार.)

या फिल्म्स माझ्या बहिणीच्या मुलाला द्याव्यात. तो जाहिरातींचे व्हिडिओ जुळवतो आणि त्याचा हात चांगला आहे. त्याची इच्छा आहे की सगळे इंटरनेटवर टाकावे. तो म्हणतो, “मावशी, हे जगाला दिसलं पाहिजे.” माझे म्हणणे, जगाने माळ्याचा जिना चढावा. अट अशी की रिळे प्रोजेक्टरवरच दाखवावीत, एका खोलीत, एकत्र बसलेल्या लोकांना, आणि शेजारी कोणीतरी उभे राहून बोलावे. भाचा विचारतो, मग बघणार कोण? पूर्वी जे बघत होते तेच. जे येतील ते.

कलम सहावे. क्रेन.

मला कात्री का म्हणतात ते आता सांगते. आमच्या लोकांत एक नियम होता आणि आहे. चांगली लाट जिथे फुटते ती जागा सांगायची नाही. बोलून नाही, लिहून नाही, आणि फिल्ममध्ये तर मुळीच नाही. माहीत झालेली जागा महिन्याभरात संपते. गाड्या येतात, भांडणे होतात, पाण्यात एकमेकांच्या डोक्यावर बोर्ड आपटतात. म्हणून फिल्म काढणाऱ्याने घरी बसून ओळख पटेल असे सगळे कापायचे असते. डोंगराची रेघ, घर, खांब, काही म्हणून ठेवायचे नाही. हे मी डोळ्यांत तेल घालून करायचे.

आमची सर्वांत चांगली लाट एका बंद पडलेल्या खाणीच्या मागे फुटते. तिथे दगड बोटीत चढवायचा जुना धक्का आहे आणि त्या धक्क्यावर एक गंजलेली क्रेन उभी आहे, मान एका बाजूला टाकून. अशी क्रेन या सगळ्या किनाऱ्यावर दुसरी नाही. एका फ्रेममध्ये दिसली तरी जागा गेली. भाचा म्हणतो, आता उपग्रहातून सगळे दिसते. क्रेन दिसत असेल. त्या क्रेनसमोर, वारा जमिनीकडून असला म्हणजेच, लाट उभी राहते हे वरून कोणाला दिसत नाही. ते आम्हा मोजक्या लोकांना माहीत आहे आणि आम्ही एकमेकांना शब्द दिला होता. शब्द द्यायला लावणारा फळ्या. लोक माळ्यावर ती लाट बघायचे आणि आपापसांत पैजा लावून गाड्या भरून भलत्याच दिशेला जायचे. आम्ही तोंडे मिटून बसायचो. फार मजा यायची.

कापलेले तुकडे मी फेकले नाहीत. ते बिस्किटांच्या डब्यांत आहेत, म्हणजे होते.

कलम सातवे. मुलगी.

मागच्या वर्षी भाच्याने हौसेने माळ्यावर सगळी रिळे ओळीने लावली. मुलगी शहरातून आली होती. पहिल्यांदाच ती मोठेपणी हे बघत होती. पडद्यावर बगळा आला, पुन्हा आला, पुन्हा पुन्हा आला. फळ्या आला. शिडवाला आला, बिचारा जाऊन किती काळ झाला. कुत्रा आला आणि लोक हसले. शेवटी खिडक्यांवरची शिडे काढली तेव्हा ती उठून माझ्यासमोर उभी राहिली.

ती म्हणाली, “आई, यात मी कुठे आहे?”

मी काढलेल्या शिडाची घडी घालायला लागले.

“बाबा आहेत. आपल्याला सोडून गेलेला माणूस सगळीकडे आहे. कुत्रा आहे. मी दर सुट्टीला त्या किनाऱ्यावर होते आणि मी एकदाही नाही.”

“अगं, तू क्रेनखाली असायचीस. क्रेन कापावी लागायची.”

“म्हणजे लाट लपवायला मला कापलंस.”

“तुला नाही कापलं. क्रेनला कापलं.”

“मी क्रेनखालीच होते ना, आई.”

तिने पर्स उचलली आणि दुपारच्या बसने गेली. तेव्हापासून फोन येतो, औषध घेतलेस का विचारते, मी हो म्हणते, ती ठेवते. तिचे बोलणे रुग्णाशी बोलावे तसे झाले आहे. मला ते सहन होत नाही, हे इथे स्पष्ट लिहिते.

आता माझे म्हणणे. त्या किनाऱ्यावर सावली एकच होती, क्रेनची. खडकावर उन्हात मी तासन्‌तास उभी राहायचे, पण लेकराला उन्हात बसवणार नव्हते. तिला सावलीत बसवायचे, टॉवेल द्यायचे, पाण्याची बाटली द्यायचे. सावली सरकेल तशी ती धक्क्यावर सरकायची. आणि रिळात शेवटी थोडी फिल्म राहिली की मी कॅमेरा तिच्याकडे वळवायचे. दर वेळी. ती थोडी फिल्म राहावी म्हणून मी चांगली लाट सोडून द्यायचे आणि फळ्या पाण्यातून मला शिव्या द्यायचा. मग घरी येऊन कापायला बसले की माझे डोळे फक्त क्रेन शोधायचे. क्रेन दिसली, कात्री चालली. तुकडा डब्यात टाकताना त्यात कोण आहे हे मला दिसत होते, पण मनात यायचे, डब्यात आहे म्हणजे घरातच आहे, जाणार कुठे. एवढे करून एकही दिवस मला सुचले नाही की ज्या रिळात ती नाही, ते ती एक दिवस बघणार आहे. दुसऱ्या कुठल्या आईकडून ही चूक झाली नसती. दुसऱ्या कुठल्या आईकडे फिल्म नसती.

ती गेल्यावर मी डबे उघडले. तुकडे काही बोटाएवढे, काही हातभर. दिव्यासमोर धरून लावत गेले, कोणता आधीचा, कोणता नंतरचा. बोटे आता पूर्वीसारखी चालत नाहीत, जोड वाकडे बसतात. पण एक रीळ तयार झाले. त्यात लाट नाही. एक क्रेन आहे आणि तिच्या सावलीत एक मुलगी आहे. प्रत्येक जोडाला ती जरा मोठी होते. टॉवेलात गुंडाळलेली, मग दात पडलेली, मग पुस्तकात डोके घातलेली, मग माझ्याकडे बघून ‘पुरे’ म्हणून हात हलवणारी. शेवटच्या तुकड्यात क्रेनखाली कोणी नाही. त्या वर्षी ती शिकायला गेली होती आणि मी तरीही कॅमेरा तिकडे वळवला होता.

हे रीळ माझ्या मृत्यूनंतर माझ्या मुलीला द्यावे. ते कोणाला दाखवायचे की एकटीने बघायचे, हे तिने ठरवावे. त्यात क्रेन दर फ्रेममध्ये आहे, हे तिला माहीत असावे.

(इथे उठले आणि बराच वेळ आले नाही.)

कलम आठवे. फळ्या.

फळ्याने माझ्यासाठी बनवलेला लांब बोर्ड आणि चावीचा कॅमेरा या दोन्ही वस्तू फळ्याला द्याव्यात, असे मी इथे लिहिले होते. त्यावर पुढीलप्रमाणे घडले आणि ते वकीलबाईंच्या समक्ष घडल्याने लिहून ठेवते.

आज सह्यांसाठी फळ्याला साक्षीदार म्हणून बोलावले होते. तो आला, हाताला बोर्डवर चढवायच्या रेझिनचा नेहमीचा वास. वकीलबाई त्याला म्हणाल्या, “काका, मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं त्याने साक्ष करू नये. एकतर साक्षीदार व्हा, नाहीतर बोर्ड घ्या.”

फळ्याने जरा विचार केला. मग मला म्हणाला, “साक्ष करतो. बोर्ड आत्ताच देऊन टाक.”

मी म्हटले, “मेल्यावर द्यायचा आहे तो.”

“तू मरायची वाट बघत मी कुठे बसू? माझे गुडघे बघ. देतेस तर आज दे.”

मी दिला. त्याने बोर्ड काखेत घेतला, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि तसाच टेबलाशी बसला. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते असे वकीलबाईंनी सांगूनही त्याने चष्मा लावून सातवे कलम वाचले. दोनदा वाचले. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आमच्यातला नियमाचा सर्वांत कडक माणूस हाच. एका पाहुण्याने धक्क्यावर उभे राहून साधा फोटो काढला तेव्हा याने त्याचा रोल उन्हात उघडून टाकला होता.

“लेकीचं पण आजच का देत नाहीस?” तो म्हणाला.

“क्रेन आहे त्यात. आणि ती एकटी बघणार नाही, मला माहीत आहे. माळ्यावर लावा म्हणेल, सगळ्यांसमोर. तिला सगळ्यांसमोर दिसायचं आहे.”

तो उठून खिडकीशी गेला. त्याने क्रेनबद्दल हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. नुसते म्हणाला, “वारा फिरला बघ.”

वारा खरोखर फिरला होता. जमिनीकडून सुटला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा असे झाले की वारा फिरला आणि मी दाराकडे न जाता फोनकडे गेले.

मुलीने फोन उचलला. मागे यंत्राचा आवाज येत होता. “आई, पेशंट खुर्चीत आहे. बरी आहेस ना?”

“बरी आहे. रविवारी दुपारी माळ्यावर ये. फिल्म आहे.”

“मला नाही बघायची फिल्म.”

“तुझी आहे.”

“माझी म्हणजे?”

“तुझीच. दुसरं कोणी नाही त्यात. तू आणि क्रेन.”

यंत्राचा आवाज थांबला. मला वाटले, फोन ठेवला.

“क्रेन ठेवलीस?” ती म्हणाली.

“ठेवली.”

“मोठी आहे का? म्हणजे, फिल्म?”

“तुझ्या लहानपणाएवढी आहे.”

ती हळूच म्हणाली, “फळ्याकाका काय म्हणाला?”

फळ्या माझ्या समोर बोर्ड काखेत धरून बाहेर बघत उभा होता. मी म्हटले, “अजून काही म्हणाला नाही.”

“किती वाजता आहे?” तिने विचारले.

मी वेळ सांगितली. ती म्हणाली, बघते. तिच्या ‘बघते’चा अर्थ मला लावता येत नाही आणि माझे रविवारपर्यंत काय होणार ते मला माहीत नाही. पण ती ‘बघते’ म्हणाली ते डॉक्टरच्या आवाजात म्हणाली नाही, एवढे मी शपथेवर लिहून देते.

यास्तव कलम सातव्यातली शेवटची वाक्ये, म्हणजे ‘हे रीळ माझ्या मृत्यूनंतर’ पासून पुढे, मी स्वतःच्या हाताने आडवी रेघ मारून रद्द करत आहे. खालचे वाचता येईल अशी बारीक रेघ मारली आहे. ते रीळ माझ्या मागे राहणाऱ्या वस्तूंत धरू नये. ते रविवारी तिचे होईल. ती आली नाही तर मी बस पकडून तिच्या दवाखान्यात नेऊन देईन, प्रोजेक्टरसकट, आणि रुग्णांच्या बाकावर बसून राहीन. ती आली तर पडद्याशेजारी उभे राहून बोलायचे काम तिने करावे. मी त्या दिवशी लोकांत बसेन. मला कधी बसून बघायला मिळालेले नाही. बसवते का ते बघायचे.

कलम आठवे वस्तू हातोहात दिल्यामुळे आपोआप संपले.

कलम नववे. मी स्वतः.

माझ्या देहाचे जवळच्यांना सोयीचे असेल ते करावे. त्या दिवशी वारा जमिनीकडून असेल तर कोणालाही माझ्यापाशी अडकवून ठेवू नये. दादा मात्र राहील. त्याला राहू द्यावे, त्याला बोलायला बरेच काही आहे.

या सगळ्याची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्यांनी आज चारदा घड्याळ पाहिले, तरी एकदाही मला घाई केली नाही, याबद्दल त्यांचे आभार.

वरील मजकूर मी वाचला आहे, काही भाग उभ्याने. तो माझा आहे आणि मला कबूल आहे.

सही: कात्री
(पूर्ण नाव शिक्क्याखाली)

ठिकाण: माझे स्वयंपाकघर, खिडकी उघडी.
दिनांक: वकीलबाई घालतील. माझ्यासाठी, दुपारी वारा फिरला तो दिवस.

आम्हा दोघांसमक्ष लिहून ठेवणारीने सही केली व आम्ही तिच्यासमक्ष सह्या केल्या.

साक्षीदार पहिली: शिडवाल्याची थोरली सून, माळ्याची सध्याची मालकीण. सही केली. माळा शनिवारी झाडून ठेवते. पडद्याचे शीड अजून आहे, शिवण तीच.

साक्षीदार दुसरा: फळ्या, बोर्ड बनवणारा. सही केली. कात्री शुद्धीवर आहे आणि मीही आहे, डॉक्टरांचा दाखला लागला तर आणून देतो. क्रेन दिसली तरी चालेल.